बोआ आणि आईची शेगडी

आमच्या घरात साप कुणाच्या हौसेने आला ते आधीच सांगून टाकते. धाकट्या भावाच्या. मला पाल दिसली तरी मी चप्पल शोधते. पण हौस करणारा कॅनडाला निघून गेला आणि साप आमच्या पदरात पडला, माझ्या आणि आईच्या. वसईच्या एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. त्यातली एक भावाची. माणूस गेला आणि खोली सापाकडे राहिली. मी चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची बाई, वालीवच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरी करते, आणि अजून आईच्या खोलीत झोपते.

भावाचा अभ्यास मात्र दांडगा होता. बारावीला याच्या निम्मा केला असता तर कुठल्या कुठे पोचला असता, असं मी म्हणायचे. (पोचलाच म्हणा.) जेवताना ताटात भात कालवत तो मला सापांची स्थळं दाखवायचा. माझ्या लेखी अजगर म्हणजे सगळे एकच. त्याचं म्हणणं तसं नव्हतं. आपल्याकडच्या जंगलातला अजगर कायद्याने जंगलाचा, त्याला घरात आणायचं नावही काढायचं नाही. जाळीदार अजगर आणला तर पुढे त्याला उचलायला चार माणसं लागतात. आफ्रिकेतला तो लहानसा बॉल पायथन स्वभावाने गरीब, पण रुसका. महिनोन् महिने तोंडाला अन्न लावत नाही आणि पाळणाऱ्याचा जीव टांगणीला. म्हणून बोआ. मूळ दक्षिण अमेरिकेतला, जाडजूड, शांत, सात-आठ फुटांवर थांबणारा. परदेशी असल्यामुळे रीतसर नोंदणी करून घरी ठेवता येतो. "आणि ताई, अजगर अंडी घालतो. बोआ पिल्लं देते, आपल्यासारखी," असं तो म्हणाला तेव्हा आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने ते ऐकलं होतं हे मला फार पुढे कळलं.

पिल्लू आणायला आम्ही जूचंद्रला गेलो. स्कूटर माझी, म्हणून मी. नव्या इमारतीत, लिफ्ट अजून सुरू न झालेल्या जिन्याने वर चढून गेलो तर एका माणसाने आख्खी खोली प्लास्टिकच्या खणांनी भरलेली. प्रत्येक खणात एक साप. शिंप्याकडे रिळांचे खण असतात तसे. भावाने एकेक पिल्लू बाहेर काढून बघितलं. तोंडाच्या कडेला फेस नको. शेपटीखाली घाण चिकटलेली नको. हातावर घेतल्यावर त्याने बोटांना धरायला हवं, नुसतं लोंबकळणारं पिल्लू घ्यायचं नाही. आणि मग त्याने ते कानापाशी धरलं आणि आम्हा दोघांना गप्प राहायची खूण केली. श्वास ऐकत होता. शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला तर ते पिल्लू परत खणात.

नर आटोपशीर राहतो, मादी मोठी होते, हे त्या विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं. बिचारा खरं बोलला. आमच्या दिवट्याने मादीच उचलली. का, तर तिने त्याच्या अंगठ्याला घट्ट विळखा घातला होता.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई बाळंतिणींचं मालिश करते. रत्नागिरीकडून लग्न होऊन आली, वडील लवकर गेले, आणि त्यानंतर आम्हा दोघांना तिने तिच्या दोन हातांवर वाढवलं. पाटावर पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घालायचं, तेल लावायचं, कोमट पाण्याने न्हाऊ घालायचं आणि मग शेक-शेगडी. लहानशी लोखंडी शेगडी, तिच्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं. त्या धुरावर बाळाला धरायचं. बाळ खोकलं की आईचा चेहरा फुलायचा. "कफ सुटला हो," ती घरच्यांना सांगायची, "आता लागू पडली धुरी. आता बस." जोवर बाळ खोकत नाही तोवर ती चिमटीने थोडा थोडा ओवा टाकत राहायची. या एव्हरशाईन सिटीत आज कॉलेजात जाणारी कितीतरी पोरं तिच्या पायांवर न्हालेली आहेत. रस्त्यात भेटली की ओळखही देत नाहीत, पण ती मला कोपराने ढोसून सांगते, हा बघ, याची टाळू मी भरली.

गेल्या काही वर्षांत तिचं काम कमी होत गेलं. लहान मुलांचे डॉक्टर धुरी नको म्हणून बजावतात. सुना आधीच सांगतात, "मावशी, फक्त मालिश करा हं, धूर नको." आई हो म्हणते, पण घरी आल्यावर तिचं तोंड उतरलेलं असतं. "माझ्या हातचं एक पोर कधी छातीने आजारी पडलं नाही," असं ती भाजी चिरता चिरता म्हणते. डॉक्टरांचं बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, आणि तिचं दुःख खोटं नाही हेही.

साप आला तेव्हा तिने आकांत केला. पहिलं भांडण फ्रीजवरून. सापाचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर, ते महिन्याचे एकदम येतात आणि फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. "माझ्या फ्रीजात उंदीर? आणि तेही श्रावणात?" शेवटी भावाने गॅलरीत जुना छोटा फ्रीज आणून ठेवला. खोलीत प्लायवूडची काचेच्या सरकत्या दाराची लांबलचक पेटी बनवून घेतली, आत उष्णतेचा दिवा, तापमान सांभाळणारं यंत्र, पाण्याची परात. आई त्या खोलीच्या उंबऱ्याला शिवत नव्हती. केर काढायचा तर दारातून लांब दांड्याचा झाडू घालायची.

मग भावाला कॅनडाचा परवाना मिळाला, नोकरी मिळाली, आणि तो गेला. लग्न इथेच उरकून बायकोलाही घेऊन गेला. साप नेता येण्यातला नव्हता. "सहा महिन्यांत कुणाला तरी देतो, ताई." कुणाला? घेणारे सगळे पिल्लू घेतात. सहा फुटांचं धूड कोण घेणार? प्राणिसंग्रहालयाने नकार दिला. तुंगारेश्वरच्या जंगलात सोडायचा तर तो इथला नव्हे, सोडणं गुन्हा आणि सापाचंही मरण. आमच्या भागातल्या एका सर्पमित्राला बोलावलं तर तो मोबाईलवर फोटो काढून घेऊन म्हणाला, "मस्त आहे, पण हा आमच्या लाइनीतला नाही." बोआ वीस-पंचवीस वर्षं सहज जगते. मी मनात माझं वय त्यात मिळवलं आणि मला रडू आलं. उंदीर कोमट पाण्यात वितळवून, लांब चिमट्याने धरून तिच्यापुढे नाचवणं माझ्या वाट्याला आलं. ती झडप घालायची, विळखा घालायची आणि मी चिमटा सोडून मागे सरायचे.

आईचा आणि तिचा समेट झाला तो कातेमुळे. हिवाळ्यात हवा कोरडी झाली आणि तिची कात अर्ध्यावर अडकली. अंगावर पापुद्रे, डोळ्यांवरही पांढरी साय. भावाने फोनवर सांगितलं, कोमट पाण्यात बसव आणि ओल्या फडक्याने हळूच सोडव. मी तिला उचलून न्हाणीघरात आणलं, पण कुठून सोडवायला सुरुवात करावी ते मला सुचेना. आई बाहेरून बघत होती. "सर बाजूला, तुला नाही जमायचं," म्हणाली. पदर खोचला, पाट घेतला, पाय लांब केले आणि म्हणाली, "ठेव माझ्या पायांवर."

मी ठेवलं. सहा फूट साप आईच्या पायांवर, दोन्हीकडे लोंबणारा. आईने मनगटावर पाणी टाकून किती ऊन आहे ते पाहिलं आणि तांब्याने धार धरली. तिच्या बोटांखाली ती कात अशी उलगडत गेली की मी बघतच राहिले. डोळ्यांवरचे पापुद्रे तिने अंगठ्याच्या पोटाने निखळवले. खालून नवी कातडी निघाली, तपकिरी, लाल, उजेडात निळसर चमकणारी. "हिला कुठे काय कळतं," मी म्हणाले. आई म्हणाली, "तान्ह्या पोरांना तरी कुठे कळतं गो?" आणि मग तांब्या परत भरून घेत, "पिल्लं देते ना ही? आपल्यासारखी?"

त्या दिवसापासून ती आईची झाली. आई दुपारी काम आटोपून आली की पेटीची काच सरकवायची. साप तिच्या मांडीवरून दंडावर, दंडावरून मानेमागे, आणि ती दूरदर्शनसमोर बसून तांदूळ निवडायची. नायगावकडून मासे घेऊन येणारी आमची नेहमीची कोळीण एकदा दारातच पाटी टाकून ओरडली, "बये, पानी दे, माजा जीव ग्येला!" आईला त्याचा केवढा अभिमान. मला सुद्धा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. घरी परतल्यावर आई कुणाशी तरी बोलत असलेली ऐकू यायची. भाऊ व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा आधी साप दाखव म्हणायचा आणि मग आई, याचा मला राग यायचा; आईला येत नव्हता. "ती वाढलीय बघ," असं ती त्याला नातीची प्रगती सांगावी तसं सांगायची.

मग नातवंडाचीच बातमी आली. भावाची बायको गरोदर होती. बाळंतपणाला आईने यावं, तीन-चार महिने राहावं, असं त्याने स्वतः म्हटलं. "आई, इकडे कुणी मालिश करत नाही गं. तूच ये." आईचा पासपोर्ट काढला. तिने ओवा आणि वावडिंग निवडून, उन्हात वाळवून डबे भरायला घेतले. विमानात शेगडी नेता येईल का, असं तिने मला चार वेळा विचारलं. तिकडे घरात धूर केला तर भिंतीवरचा भोंगा वाजतो, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वाजूदे की. बाळ खोकलं की विझवीन."

त्या पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली ती लवकर आलीच नाही. वसई पूर्वेला पाणी साचलं की हे ठरलेलं. इन्व्हर्टर संपला. पेटीतला दिवा बंद, तळाला अंथरलेली वर्तमानपत्रं दमट, हवा गार. आम्ही गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळून तिच्या बाजूला लावल्या, त्या गार झाल्या की परत भरल्या. एवढं करूनही तिची छाती भरलीच. दिवा सुरू झाल्यावर तिने डोकं उंच धरून ठेवायला सुरुवात केली. तोंड किंचित उघडं. मी कान जवळ नेला. जूचंद्रला भाऊ जो आवाज शोधत होता, तो मला ऐकू आला.

वसईतले कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नको म्हणाले. ठाण्याला एक तरुण डॉक्टरीण साप बघते असं कळलं. उशीच्या अभ्र्यात साप, अभ्रा क्रेटमध्ये, क्रेट भाड्याच्या गाडीत, आणि क्रेटवर आईचा हात. डॉक्टरीणबाईंनी तपासून न्यूमोनिया सांगितला. इंजेक्शनं घरी द्यायची, पेटी जास्त गरम ठेवायची, आणि रोज यंत्राने औषधाची वाफ द्यायची. घरी आम्ही तसंच केलं. आई डोकं धरायची, मी सुई टोचायचे. सकाळी मी वाफ देऊन कामावर जायचे. तिला प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवून झाकण लावायचं, त्यात नळी सोडायची, आत पांढरं धुकं व्हायचं, गारच. "हीच का वाफ?" आई म्हणायची. "ही तर हाताला लागतसुद्धा नाही."

पहिला आठवडा ती जरा सुधारली. पाण्याच्या परातीपर्यंत गेली, जीभ बाहेर काढून हवा चाचपली. मग एकदम घसरली. तोंडातून लाळेची तार सुटायला लागली. रोज संध्याकाळी बघावं तर आदल्या दिवसापेक्षा वाईट. औषध लागू का पडत नाही मला समजेना. घरात ओव्याचा वास असायचा, पण त्या वासातच मी लहानाची मोठी झाले आहे. आईच्या लुगड्यांना, उशांना, माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो होता. मला तो वेगळा येतच नाही.

दुसऱ्यांदा ठाण्याला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई बराच वेळ छातीचा फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात कुणी सिगारेट ओढतं का? उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, असं काही तिच्या खोलीत?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आई माझ्या आधी बोलली. अगदी ताठ बसून, कामाचं विचारल्यावर बसते तशी. "मी धुरी देते ना रोज. ही कामावर गेली की. तुमच्या त्या थंड वाफेने काही व्हायचं नाही, बाई. ओवा, वावडिंग, लसणीची सालं. पेटीची दारं लावून घेते, म्हणजे फुकट जात नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं. "आजी, हिची फुप्फुसं म्हणजे नुसत्या लांबट पिशव्या. आणि आपल्या छातीखाली जो पडदा असतो ना, जो कफ बाहेर ढकलतो, तो सापाला नसतो. आत गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. सापाला खोकता येत नाही, आजी."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेच. ती खोकत नव्हती. म्हणून मी आणखी टाकत होते."

परतीच्या वाटेवर घोडबंदरला गाड्या तुंबल्या होत्या. आईने क्रेटवर हात ठेवला नाही. दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. मी तिला म्हणाले, आजार तर आधीच होता, वीज गेली म्हणून झाला, तू नसतं केलंस तरी कदाचित गेलीच असती. अजून गेली नव्हती, तरी माझ्या तोंडून तसंच निघालं.

डॉक्टरीणबाईंनी औषध बदलून दिलं होतं, आशा फारशी ठेवू नका असंही सांगितलं होतं. मी कामावर रजा टाकली. डोकं आता मी एकटीच धरायचे, सुई पण मीच टोचायचे. आई दारापर्यंत यायची आणि तिथेच उभी राहायची, पहिल्या वर्षी राहायची तशी. "ये ना, जरा हात लाव, तुला ओळखते ती," मी एकदा म्हणाले. तिने मानेनेच नाही म्हटलं. साप माणसाला ओळखतो की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवशी तिने डोकं दाराच्या बाजूला वळवून ठेवलं होतं, आणि मला दोघींची इतकी कीव आली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

ती एका दुपारी गेली. तोंड उघडं, मान वर उचललेलीच. चांदीपला माझ्या एका सहकाऱ्याची शेतजमीन आहे, तिथे बांधाच्या कडेला पुरायला त्याने जागा दिली. आई आली नाही. मी परतले तेव्हा तिने पेटी आतून पुसून काढली होती आणि दिवा बंद केला होता.

भावाला मी फोनवर न्यूमोनिया सांगितला, बाकी काही नाही. तो थोडा रडला, मग म्हणाला, आईला सांभाळ, आणि तिकिटाचं बघतो. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, माझे गुडघे दुखतात, एवढा प्रवास व्हायचा नाही. गुडघे तिचे कधी दुखले नाहीत; पाटावर बसून बसून ते दोरासारखे लवचीक आहेत. तो रोज फोन करून गळ घालायचा, ती रोज नवं दुखणं सांगायची. मी रागावले, विनवण्या केल्या, माणसाचं पोर वेगळं असतं गं, असंही म्हणून पाहिलं. "नुसतं मालिश कर, धुरी नको देऊस," म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय परत काढला नाही. शेजारच्या इमारतीतून एका नव्या बाळंतिणीकडचं बोलावणं आलं, त्यांनाही तिने दुसऱ्या बाईचा नंबर दिला.

मुलगी झाली. भावाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा आई सोफ्यावर माझ्या शेजारी होती. पडद्यावर लालबुंद, मुठी आवळलेली पोर. आईचा चेहरा क्षणभर उजळला, तिने बोट पडद्याला लावलं. भाऊ थकलेला दिसत होता. "आई," तो म्हणाला, "काल रात्रीपासून ही जरा खोकतेय गं. छाती वाजते थोडी. तू काय करायचीस अशा वेळी?"

आयुष्यभर सगळ्यांनी तिला हेच विचारलं होतं. आईने बोट मागे घेतलं.

"डॉक्टरला दाखव," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही." आणि फोन माझ्या हातात देऊन ती आत निघून गेली.